भुरीच्या दोन स्की

प्राणी पायांना स्की बांधून बर्फाचे डोंगर उतरत, त्या काळातली गोष्ट. भुरी सशिणीला पहिल्यांदा खटकलं ते इतकंच, की डावा पाय वळला आणि उजवा सरळच गेला.

तिला उतारावर नागमोडी वळणंही घ्यायची होती आणि उड्यांच्या मैदानात कोलांट्याही मारायच्या होत्या. म्हणून तिने हट्टाने वळणाच्या जोडीतली एक अन् उड्यांच्या जोडीतली एक स्की उचलली होती.

"अगं, वळ ना!" ताठ, धारदार डावी स्की ओरडली.

"वळण्यात काय ठेवलंय? उडू या!" लवचीक उजवी म्हणाली.

"बायांनो, निदान थांबा तरी!" भुरी रडकुंडीला आली. भांडता भांडता दोघींची टोकं एकमेकींत अडकली आणि भुरी थेट कड्याच्या तोंडाशी आपटली. हलावं तर खाली दरी!

"सुतारकाका!" तिने स्की घडवणाऱ्या सुतारपक्ष्याला हाक मारली. "अहो काका, ऐका ना!"

वरून पंख फडफडले. "आलो गं बाई! हलू नकोस. आधी या भांडकुदळ दोघींना सोडवतो, मग मधल्या चणीची जोडी देतो. तिची वळणं बेताची, उडीही बेताचीच. पण दोन्ही पाय एकाच घरी पोचतील."