तात्यासाहेबांच्या उन्हाचा चोर

पंखा थांबला! ऐन वैशाखातली दुपार. नुकतेच आडवे झालेले तात्यासाहेब देशमुख घामाघूम होऊन उठले आणि ओसरीवरून गरजले, "माझं ऊन कोण चोरतंय?"

दुपारी गावची लाइट जायची, म्हणून त्यांनी गच्चीवर सोलरच्या चार प्लेटा बसवल्या होत्या. सकाळी पंखा गरगर फिरायचा. दुपारी झोपेच्या वेळेलाच लुळा पडायचा! दुरुस्तीवाला संध्याकाळी येऊन बघून गेला. प्लेटा लख्ख, वायरी ठीक. स्वतः वर चढून बघायला तात्यांचे गुडघे तयार नव्हते. मग संशय कुणावर? समोरच्या हौसावर!

हौसा नामा शिंप्याची लेक. तिच्या पत्र्यावर एकच प्लेट, त्या प्लेटीवर शिलाई मशीनची मोटर. लग्नसराईचे ब्लाउज ढिगानं पडलेले. तात्यांनी ती उतरवायला लावली, तर हौसाचा सगळा हंगाम बुडणार होता.

"तुझी प्लेट माझ्या वाटणीचं ऊन ओढतीय!" तात्या म्हणाले.

"ऊन म्हणजे काय विहिरीचं पाणी आहे, ओढून घ्यायला?"

"तोंड चालवू नकोस! कडक ऊन पडलं की माझा पंखा बंद. परवा आभाळ भरून आलं होतं, तर दिवसभर चालला! असं कुठं असतं का? चेटूक आहे हे!"

हौसाच्या मनात पाल चुकचुकली. कडक उन्हात बंद आणि ढगात चालू? ढगाला भिणारा हा चोर कोण बाई? देशमुखीणकाकी रोज चढायच्या त्या मागच्या जिन्याकडे तिनं एकवार पाहिलं आणि तिला हसूच फुटलं.

"हसतेस काय? उद्या भर दुपारी माझा पंखा फिरवून दाखव! गच्चीवर पाय ठेवायचा नाही, वायरीला हात लावायचा नाही. नाही जमलं, तर संध्याकाळी तुझी प्लेट खाली!"

"आणि जमलं तर?"

"मागशील ते देईन!"

दुसऱ्या दिवशी ऊन नुसतं भाजून काढत होतं. तात्या खाटेवर, डोक्यावर पंखा गप्प. दारात ही गर्दी! हौसा रिकाम्या हातानं आली, अंगणात मधोमध उभी राहिली, पदर खोचला आणि जिवाच्या आकांतानं ओरडली,

"अगं बाई, पाऊस आला! काकी, धावा! पाऊस आला!"

आभाळात औषधालाही ढग नव्हता. पण वाळवण उन्हात असताना पाऊस म्हटल्यावर वर बघत बसेल ती बाई कसली! स्वयंपाकघरातून देशमुखीणकाकी सुटल्या, मागून दोन्ही सुना. जिना दणाणला. वर धावपळ, आरडाओरडा, "उचल गं, उचल!"

आणि तात्यांच्या डोक्यावरचा पंखा हलला. कुरकुरला. गरगर फिरायला लागला!

तात्यांचा आ वासलेलाच राहिला. तेवढ्यात काकी खाली आल्या, धोतराचं गाठोडं उराशी धरून. गाठोड्यात कुरडया!

"पाऊस कुठाय गं भवाने?"

"तात्यासाहेब, हा तुमच्या उन्हाचा चोर," हौसा म्हणाली. "ढग आले की कुरडया घरात, मग पंखा चालू! आणि चोरीत धोतरही तुमचंच!"

"प्लेटांच्या त्या तिरप्या काचेवर दिवसात खडखडीत वाळतात!" काकी कडाडल्या. "खाताना बरं गोड लागतं? उद्याही तिथंच घालणार!"

तात्या खाकरले. "हौसा, चोर तर सापडला. आता शिक्षा?"

"शिक्षा तुम्ही करा, तात्यासाहेब. मी बघायला थांबते!"

तात्यांनी काकींकडे पाहिलं. काकींनी तात्यांकडे पाहिलं. आणि तात्यांना असं हसू कोसळलं की खाट करकरली!

"जिंकलीस पोरी! चारातली एक प्लेट तुझी. नाहीतरी त्यांच्यावर कुरडयाच वाळतात!"

"घेते की," हौसा म्हणाली, "पण वरच्या कुरडयांसकट!"