बगळ्याने सोडून दिलेला मासा

एका खाडीच्या मुखाशी, भरतीला जेमतेम गुडघाभर पाणी चढणाऱ्या पुळणीवर, एक बगळा राहत असे. पोटापुरती मासोळी त्याला कुठेही मिळे. पण हौस दांडगी! त्याला धरायचा होता एक भला मोठा रुपेरी मासा. हा मासा भरतीबरोबर उथळ पाण्यात शिरे आणि डोके खाली घालून वाळूतले खेकडे वेचून खाई. तेवढा वेळ त्याच्या शेपटीचे टोक पाण्याबाहेर लकाकत असे. पण जरा सावली हलली की पसार! "याला धरीन तरच नावाचा बगळा," असे हे महाशय पुळणभर सांगत सुटले होते.

त्याच वाळूत बीळ करून एक कुर्ली, म्हणजे खेकडीण, राहत होती. तिचे निम्मे शेजारी त्या माशाने गिळले होते. त्यातच तिने नुकते जुने कवच टाकले होते. कवच टाकलेली कुर्ली लोण्यासारखी मऊ असते, मुलांनो. नवे कवच टणक होईपर्यंत तिला बिळाबाहेर यायची सोय नाही. ती आतूनच म्हणाली, "बगळेदादा, माझे जुने कवच घ्या आणि आमिष म्हणून टाका. त्या मेल्याला एकदा धरलेत, तर आम्ही सुखाने राहू."

बगळ्याने कवच पाण्यात सोडले आणि एका पायावर उभा राहिला, अगदी रोवलेल्या काठीसारखा. मासा आला. शेपूट वर झाली. माशाने कवच हुंगले, जरा ढोसून पाहिले आणि 'छट्!' म्हणावे तशी पाठ फिरवून तो निघून गेला. बगळ्याची उघडलेली चोच उघडीच राहिली.

तोच बिळातून हाक आली, "सापडला का हो दादा?"

"नाही" एवढे म्हटले असते तरी पुरे होते. पण पुळणभर मारलेल्या बढाया आठवल्या आणि बगळ्याची जीभ भलतीकडेच वळली. "सापडला तर! चांगला चोचीत धरला होता. पण बिचारा गयावया करू लागला. मला दया आली. पुन्हा इकडे फिरकणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली आणि दिला सोडून."

"केवढे मोठे मन तुमचे!" कुर्ली म्हणाली. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या मासोळ्यांनीही वाहवा केली. बगळ्याने मान खाली घातली. त्यांना वाटले, किती हा विनय!

पुढच्या भरतीला भुकेलेली कुर्ली तशीच मऊ अंगाने बिळाबाहेर आली आणि निर्धास्तपणे शेवाळ वेचू लागली. बगळ्याला उंचावरून दिसले, लांबवर शेपटीचे टोक लकाकले होते. आता ओरडावे, तर थाप उघडी पडणार! 'जाईल दुसरीकडे,' त्याने मनाशी म्हटले. टोक जवळ आले. 'वळेल आता.' टोक आणखी जवळ आले. तेव्हा कुठे तो ओरडला, "कुर्लीताई, आत पळा!"

कुर्लीने वळून पाहिले, पण ती जागची हलली नाही. उलट हसली. "घाबरता काय दादा? तुम्ही सोडलेलाच ना हा? त्याने शपथ घेतली आहे."

पाणी एकदाच ढवळले, आणि कुर्ली दिसेनाशी झाली.

"काय बेइमान मासा हा!" निवट्या कळवळून म्हणाल्या. "दादा, तुम्ही एवढी दया केलीत, आणि त्याने शपथ मोडली!"

बगळ्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "त्याने काही मोडले नाही," तो म्हणाला. "मी त्याला धरलेच नव्हते." आदल्या भरतीला जे ओठावर येईना, ते आता आले. पण ज्या बिळाशी ते सांगायचे होते, ते रिकामे पडले होते. निवट्या पाठ फिरवून निघून गेल्या. ओहोटी लागली, तसे कुर्लीचे जुने कवच वाळूवर उघडे पडले. बगळा त्याच्याशेजारी उभा राहिला, पण त्याच्याकडे बघायचे धाडस त्याला झाले नाही.

तात्पर्य : फजिती कबूल करायची लाज घटकाभराची असते, ती झाकायला मारलेली थाप मात्र तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्याच्या जिवावर बेतते.