कारभाऱ्याचं पहिलं पान

पुष्कळ वर्षांपूर्वी, आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही जो काळ जुना वाटे त्या काळात, एका डोंगराच्या पायथ्याशी नऊ गावं होती. राजा दूर होता आणि त्याला या गावांची आठवण क्वचितच येई. म्हणून नऊ गावांची माणसं चिंचेखाली जमून आपल्यातल्याच एकाला कारभारी नेमत. पाण्याच्या पाळ्या, बांधाची भांडणं, चुकलेली गुरं, सगळं त्यानेच पाहायचं.

अशाच एका कारभाऱ्याचा लहानपणापासूनचा एक मित्र होता. दोघांनी मिळून गुरं राखली होती, एकाच फडक्यातली भाकर खाल्ली होती. पुढे एक कारभारी झाला आणि दुसरा पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावू लागला. आपली गोष्ट या पत्रावळवाल्याची आहे, कारण कारभाऱ्याला झोप छान लागे, याला मात्र लागत नसे.

त्याचं दुखणं जुनं होतं. दोघे तरुण असताना दोन गावांत पाटाच्या पाण्यावरून काठ्या निघाल्या होत्या. तेव्हा गुरं राखणारा त्याचा मित्र मध्ये उभा राहून म्हणाला, “या गावचं पाणी त्या गावच्या माणसाने सोडावं, आणि त्या गावचं या गावच्या माणसाने. मग बघू, कोण कुणाचं पाणी तोडतंय!” माणसं हसली, काठ्या खाली आल्या, आणि पुढच्याच बैठकीत त्याच्या डोक्याला कारभाराचं पागोटं बांधलं गेलं.

पत्रावळवाला तेव्हा शेजारीच उभा होता. “हे मलाही सुचलं होतं,” तो बायकोला सांगे. “तो आधी बोलला, एवढंच.” हे त्याने इतक्या वेळा सांगितलं की शेवटी त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं.

बावीस वर्षं कारभाऱ्याने कारभार केला आणि बावीस वर्षं हा जळत राहिला. कारभाऱ्याने बंधारा बांधला, तेव्हा हा म्हणाला, दगड तर आम्ही वाहिले. तापाच्या साथीत कारभाऱ्याने घरोघर काढा पोचवला, तेव्हा हा म्हणाला, मिरवायची हौस, दुसरं काय! काढा मात्र त्याने दोन वाट्या प्यायला आणि बराही झाला.

सगळ्यांत मोठी आग होई ती नऊ गावांच्या जेवणाच्या दिवशी. खळी उरकली की चिंचेखाली पंगत बसे आणि सगळ्या पत्रावळ्या याच्या हातच्या असत. पहिलं पान कारभाऱ्याचं, सर्वांत मोठं. सगळ्यांना भात, वरण आणि गूळ. तूप तेवढं त्या एका पानावर, कारण नऊ गावांना पुरेल एवढं तूप आणायचं कुठून?

वाफाळलेल्या भातावर तुपाची धार पडली की पत्रावळवाला आपलं पान पुढे ढकली. ‘मी लावलेल्या पानावर हा जेवणार आणि मी ते बघत बसायचं?’ तो ताडकन उठे आणि घरी जाई. पंगतीतून उठून गेलेल्याचा वाटा ठेवायचा नाही, अशी तिथली रीत होती. तरीही संध्याकाळी बायको झाकलेल्या वाडग्यातून त्याच्यासाठी जेवण आणी.

“गार!” तो करवादे. “तूपसुद्धा थिजलंय. आणि तिकडे तो गरमगरम चापून बसला असेल.”

बायको त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवी.

अखेर एका वर्षी त्याला राहवेना. पत्रावळ्या विकायला तो गावोगाव जाईच. प्रत्येक गावात तो हळूच म्हणू लागला, “बोलू नये, पण तुमच्याच गावाला पाणी कमी सुटतंय.” नऊ गावांत तो हेच बोलला आणि नऊही गावांनी ते खरं मानलं. सगळ्यांनाच कमी पाणी मिळतं, तर मग जास्त कुणाला मिळतं, एवढं विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही.

कुजबुज कारभाऱ्याच्या कानी गेली. पुढच्या बैठकीत त्याने पागोटं उतरवून चिंचेच्या मुळाशी ठेवलं. “ज्याच्यावर शंका आली, त्याने पाणी वाटू नये,” तो म्हणाला. “दुसरा कोणी बघा.”

“मी आहे की!” पत्रावळवाला म्हणाला. या वेळी मात्र तो खरोखरच सगळ्यांच्या आधी बोलला, आणि पागोटं त्याच्या डोक्यावर आलं.

जेवणाचा दिवस उजाडला. त्याने स्वतःसाठी सुपाएवढी पत्रावळ लावली. निघताना बायको म्हणाली, “अहो, एक ऐका. आज हात घालायची घाई करू नका.”

“बावीस वर्षं थांबलोय,” तो खेकसला. “आणखी किती थांबू?”

पंगत बसली. पहिल्या पानावर भात आला, वरण आलं, तुपाची धार पडली. त्याने डोळे मिटून पहिला घास घेतला, मग दुसरा. आहाहा! डोळे उघडले तर सगळी पंगत त्याच्याकडे टक लावून पाहत होती. ‘जळतायत मेले,’ त्याला वाटलं. त्याने पान चाटूनपुसून साफ केलं.

शेवटच्या पंक्तीला वाढून भांडी रिकामी झाली, तेवढ्यात नवव्या गावची एक म्हातारी धापा टाकत आली. “शेळी विताना अडली होती रे बाबांनो, म्हणून उशीर झाला. आहे का काही?”

वाढपी सवयीने वळला, थेट पहिल्या पानाकडे आला आणि थबकला.

“कारभारी… पान?”

“कसलं पान? जेवलो मी.”

शेवटच्या पंक्तीतून जुना कारभारी उठला. त्याने आपल्या पानाला अजून हात लावला नव्हता. ते पान त्याने म्हातारीपुढे ठेवलं आणि तो हात झटकून घराकडे निघाला.

नव्या कारभाऱ्याने बायकोला बाजूला घेतलं. “हा काय प्रकार आहे?”

“पहिलं पान कारभाऱ्यानं खायचं नसतं,” ती म्हणाली. “ते राखायचं असतं. सगळे जेवले आणि कुणी उपाशी उरलं, तर ते त्याचं. कुणीच उरलं नाही, तर मग कारभाऱ्यानं जेवायचं. सगळ्या जगाला ठाऊक आहे. लहानपणी तुम्ही गुरांमागे असायचात, आणि पुढे तुम्हीच तेवढे कधी शेवटपर्यंत बसला नाहीत.”

“मग बावीस वर्षं त्याचं पान कोण खात होतं?”

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. “अहो, तूप एकाच पानावर पडायचं. तुमच्या वाडग्यात ते कुठून आलं, हे एकदा तरी विचारलंत का?”

त्याने डोक्यावरचं पागोटं उतरवून हातात घेतलं.

“भावजींनी मला शपथ घातली होती,” ती म्हणाली. “म्हणाले, त्याला सांगू नका वहिनी, घास घशाखाली उतरायचा नाही त्याच्या. आणि ते घरी जाऊन भाकरी खायचे.”

त्याच दिवशी त्याने पागोटं चिंचेखाली ठेवलं आणि पाण्याबद्दल आपण खोटं बोललो, हे नऊ गावांपुढे सांगितलं. माणसं जुन्या कारभाऱ्याच्या दारी गेली, पण तो म्हणाला, “आता मला जेवू द्या.” मग त्यांनी दुसऱ्या गावच्या एका सुईणीला कारभारीण नेमलं.

पुढच्या वर्षी पत्रावळवाल्याने पहिलं पान लावलं आणि तो शेवटच्या पंक्तीत मित्राशेजारी जाऊन बसला. भात येताच म्हणाला, “गड्या, आज गरम असताना जेव.” मित्राने मोठा घास घेतला आणि त्याची जीभ चांगलीच पोळली, कारण गरम भात खायची सवयच त्याला उरली नव्हती. दोघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि पंगत उठेपर्यंत पत्रावळवाला जागचा हलला नाही.

तात्पर्य: हेवा करणाऱ्याला दुसऱ्याच्या पानावर काय वाढलं ते दिसतं, पण ते कुणाच्या पोटात गेलं हे पाहायला तो थांबत नाही.