महाराजांचा ॲल्युमिनियमचा मेणा

महाराज मेण्यात बसले आणि मेणाच खाली बसला!

रानघाट संस्थानात असं आजवर झालं नव्हतं. उदाजीराव महाराज वजनदार होते हे खरं, पण मोठ्यानं म्हणणार कोण? त्यांचा लाकडी मेणा गडावर न्यायला सोळा भोई लागत, आणि वरची पायरी येईतो सोळाही जणांना देव आठवत. म्हणून महाराजांनी विलायतेहून ॲल्युमिनियम मागवलं. पेटीत सात प्रकारच्या दांड्या आणि पत्रे, प्रत्येकावर नंबर. दिवाण त्रिंबकपंतांनी चष्मा लावला, पेटीभोवती एक चक्कर मारली आणि निकाल देऊन टाकला, "नंबर मोठा, तो धातू मोठा. सात नंबर सर्वोत्तम!"

सटवाजी तांबटानं सात नंबर घेतला. दांडी झकास झाली. पण महाराजांना मेण्याच्या अंगावर पत्रा ठोकून उठवलेला मोर हवा होता, आणि तिसऱ्या ठोक्याला मोराची मान तडकली. सटवाजीचा जन्म तांब्यात गेलेला. तांबं लाल होईस्तोवर तापवलं की मऊ पडतं, म्हणून त्यानं हाही पत्रा भट्टीत घातला आणि लाल व्हायची वाट बघत बसला. पत्रा लाल काही झाला नाही, सरळ वितळून राखेत सांडला! मग त्यानं सगळा मेणा एक नंबरचा केला. मोर असा देखणा उठला की शेजारीपाजारी बघायला आले. दांडी मात्र महाराज टेकताच वाकली. पुढचं सांगितलंच.

महाराज धूळ झटकत उठले. "सटवाजी! आठ दिवस देतो. मेणा हलका हवा, माझ्याखाली वाकता कामा नये, आणि मोर असाच हवा. पण सगळं एकाच नंबरचं, जो सर्वोत्तम असेल त्याचं! राजाचा मेणा आहे, गोधडी नव्हे ठिगळं लावायला. नाही जमलं, तर भट्टी विझव आणि संस्थानाबाहेर चालता हो!"

सटवाजी घरी येऊन ऐरणीपाशी बसला तो उठेचना. त्याची लेक म्हाळसा लहानपणापासून त्याचा भाता ओढत आलेली. तिनं सातही नंबरचे तुकडे वाकवून, ठोकून पाहिले. जो ताठ तो तडके, जो मऊ तो वाके, आणि मधले दोन्हीकडून थोडे थोडे फसवत. आबांना या वयात दुसऱ्या गावी कोण उभं करणार? मग तिला दिवाणजींचा चष्मा आणि त्यांचं ते 'सर्वोत्तम' आठवलं, आणि ती एकदम हसली.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली. "महाराज, सर्वोत्तम निवडायचं कसं, तेच आम्हा अडाण्यांना ठाऊक नाही. आधी दाखवा. तुमच्या दरबारातला सर्वोत्तम माणूस कोण?"

"हे काय विचारणं झालं? दिवाणजी!"

त्रिंबकपंतांनी उपरणं सारखं केलं.

"मग उद्याचा दिवस महाराजांची सगळी चाकरी दिवाणजी एकटे करतील. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी बघेन, आणि त्याच रीतीनं धातू निवडीन."

"मंजूर!" महाराज म्हणाले. "आमचे दिवाणजी कशालाही कमी पडायचे नाहीत!"

दिवाणजी नको म्हणतील कसे? सर्वोत्तम ठरले होते ना!

सकाळी त्यांनी महाराजांची दाढी करायला घेतली. वस्तरा त्यांनी लेखणीसारखा धरला. अर्ध्या घटकेत महाराजांची उजवी मिशी गुडघ्यावर पडली! महाराजांनी दात आवळले आणि जेवायला मागितलं. भात खाली करपलेला, वर कच्चा. आमटीत मीठ दोनदा, कारण दिवाणजींनी शिरस्त्याप्रमाणे फेरतपासणी केली होती. दुपारी जुना लाकडी मेणा उचलायची वेळ आली. दिवाणजी दांडीखाली गेले ते तिथेच बसले.

"पुरे!" महाराज गरजले. "न्हाव्याला बोलवा! आचाऱ्याला बोलवा! भोयांना बोलवा!"

म्हाळसा पुढे झाली. "अहो महाराज, न्हावी कुठे दरबारातला सर्वोत्तम माणूस आहे?"

"अगं, वस्तरा धरायला तोच सर्वोत्तम!"

"आणि दिवाणजी?"

"कागदावर! तिथे त्यांचा हात कुणी धरील का? पण माझ्या मिशीवर..."

महाराज मध्येच थांबले. म्हाळसानं खांद्यावरचं गाठोडं त्यांच्यासमोर सोडलं. आत सात नंबरच्या दांडीचा तुकडा होता, त्याला पितळी खिळ्यांनी घट्ट बसवलेला एक नंबरचा पत्रा, आणि पत्र्यावर छोटासा मोर.

"मग महाराज, माझ्या मोराच्या मऊ पत्र्याला दांडीचं काम कशाला सांगता?"

महाराजांनी दांडी गुडघ्यावर घेऊन जोर लावला. वाकली नाही. मोराच्या मानेवरून बोट फिरवलं. मग हात नकळत ओठावर गेला, उजवीकडे काहीच सापडलं नाही, आणि महाराज असे हसले की उरलेली मिशीही थरथरली! दिवाणजी हसावं की नाही हे ठरवत राहिले.

आठव्या दिवशी मेणा तयार झाला. महाराज बसले, चारच भोयांनी तो उचलला, आणि दांडी जराही लवली नाही. वरच्या पायरीवर कुणाला देव आठवला नाही.

महाराज खुशीत म्हणाले, "पोरी, आमच्या खजिन्यातली सर्वोत्तम वस्तू तुझी! कोणती ते तूच सांग."

"सांगते की! पण महाराज, कशासाठी सर्वोत्तम?"

"म्हणजे?"

"ठोकायसाठी विचारत असाल, तर आबांना नवी पोलादी ऐरण द्या. माझ्या कानांसाठी विचारत असाल, तर सोन्याच्या बुगड्या द्या. ऐरण काही कानात घालता येत नाही!"

महाराज पुन्हा पोट धरधरून हसले, आणि त्यांनी ऐरणही दिली, बुगड्याही दिल्या. ऐरण घरपोच करायचं काम मात्र त्यांनी भोयांना सांगितलं. दिवाणजींनी आधीच पाठ फिरवली होती!