कापडचोराचं पुण्यस्मरण

"…पण महाराज, कीर्तन बंद का करायचं, तेवढं तरी सांगा!"

कीर्तनकार मनोहर महाराजांनी आपल्या गुरूंना, सोनाजीबुवांना, हे पुन्हा विचारलं. बुवा तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मनोहर खाली बसेना. पूर्णेकाठची ती मठी केवढीशी, पण त्याच्या येरझाऱ्या चालूच होत्या. दाराशी जायचा, बाहेर ओट्यावर पाठमोऱ्या बसलेल्या आईकडे बघायचा आणि चटका बसल्यासारखा माघारी फिरायचा.

झालं होतं ते असं. उद्या त्याच्या वडिलांचं, तुळशीराम टेलरचं, वर्षश्राद्ध. संध्याकाळी मारुतीच्या पारावर मनोहरचंच कीर्तन. मांडव घालून झाला होता, लाउडस्पीकर आला होता आणि गावभर पोस्टरं लागली होती. पोस्टरवर वडिलांचा फोटो होता आणि त्याहून मोठा मनोहरचा होता.

अशात भर दुपारी त्याची आई, द्वारकाबाई, तडक मठीत आल्या आणि बुवांना म्हणाल्या,

"महाराज, उद्याचं कीर्तन बंद करा."

का, ते काही सांगितलं नाही. ओट्यावर जाऊन बसल्या.

मग बुवांनी शिष्याला बोलावणं धाडलं. मनोहर लहानपणापासून याच मठीत कीर्तन शिकला. आता जिल्ह्यात त्याचं नाव होतं. नाव झाल्यापासून घरची वऱ्हाडी बोली सुटली होती आणि मठीचा रस्ताही जवळजवळ सुटला होता.

"सांगून दाखव," बुवा म्हणाले.

"काय?"

"जे उद्या सांगनार हायेस."

मनोहरनं उपरणं नीट केलं, घसा साफ केला. हे त्याला येत होतं.

"माझे वडील म्हणजे निष्काम कर्मयोगी. देह दुकानात, चित्त देवापाशी. गिऱ्हाइकाच्या कापडाची चिंधीसुद्धा त्यांनी कधी घरात येऊ दिली नाही. दिलेला शब्द कधी मोडला नाही. कठोर शब्द जिभेवर कधी आला नाही. सुई जशी आपण उघडी राहते आणि जगाची लाज झाकते…"

त्याचा आवाज भरून आला. या जागी तो नेहमीच भरून यायचा आणि मांडवातल्या बायांचे पदर डोळ्यांना लागायचे.

"महाराज," ओट्यावरून आवाज आला, "हा ज्या मानसाचं सांगते ना, त्याच्यासंग मी एक दिवसबी नाई राह्यली."

मनोहर थबकला.

"आई, मी बाबांना मोठंच करतोय ना?"

"हाव. मोठंच करून राह्यला." त्यांनी अजून मान वळवली नव्हती. "वर्षभर आयकलं म्या. पयले पुढं बसली, रडली बी. मंग घरी जाऊन आठवाले गेली, हे कसे बोलत, कसे हासत… तं तुहेच शब्द आठवते. त्यायचं एकबी नाई. निष्काम का काय थे, थेच."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"माहा मानूस मले आठवेना झाला, मनोहर. उद्या अजून एकडाव आयकलं, तं राह्यलंसुरलं बी जाईन."

बुवांनी पुढची शेंग फोडली.

मनोहरचा चेहरा उतरला, पण ताठा काही उतरला नाही. तो बुवांकडे वळला.

"गेलेल्या माणसाचं वाईट बोलायचं नसतं, ही आपली रीत आहे. मी रीत पाळली. यात माझं काय चुकलं?"

"रीत पाळली," बुवा म्हणाले. "बरोबर हाय."

मग त्यांनी सूप बाजूला सारलं आणि दोन्ही हात समोर लांब केले. कफनीची उजवी बाही मनगटापर्यंत आली. डावी कोपराच्या जराशी खाली येऊन थांबली.

मनोहर ती कफनी लहानपणापासून बघत आला होता. बुवांची तशीच पद्धत असेल, असं त्याला वाटायचं.

"तुहा बाप कापडचोर होता," बुवा म्हणाले.

"महाराज!"

"पुरं कापड देल्लं म्या त्याले. भगवं, नवंकोरं. कफनी आणली तं बाही एवढीशी. म्हने, महाराज, कापड आटलं. अरे, धुतलंच नाई त आटलं कसं? मंग मापच ठरून गेलं त्याचं. याच्या आंधीच्या साऱ्या कफन्या अशाच."

"तुम्ही गुरू आहात म्हणून मी ऐकून घेतोय…"

"खोटारडा बी होता. उद्या देतो, उद्या देतो! दसऱ्याचे कपडे दिवाळीले, दिवाळीचे संक्रांतीले. पाटलाच्या पोरानं लग्नासाठी कोट शिवाले टाकला होता. बिचाऱ्यानं थो पोराच्या बारशात घातला."

"महाराज, बस करा!"

"न् तोंड तं असं फाटकं, का गिऱ्हाइक दुकानात…"

"बस करा म्हणतो ना!"

मनोहर तिरमिरीत पुढे आला. अंगाची लाही लाही झाली होती, मुठी आवळलेल्या होत्या. गुरूवर हात उचलायचं त्याच्या मनात नसावं, पण तसं दिसत मात्र होतं. पायाची ठोकर सुपाला बसली आणि सोललेले दाणे मठीभर उधळले.

बुवा शांतपणे त्याच्याकडे बघत राहिले.

आणि ओट्यावर कोणीतरी हसलं.

द्वारकाबाई हसत होत्या. आधी पदराआड, मग पदर सोडून. हसत हसतच दारात आल्या.

"आटलं म्हने!" त्या म्हणाल्या. "महाराज, थ्या पयल्या कफनीतून याची चड्डी निंघाली व्हती. भगवी चड्डी! हा शाळेत जाये न् पोट्टे मांगून वरडत, बुवा आले, बुवा आले!"

बुवाही हसले. त्यांचे उरलेले दोन-चार दातही हसले.

एकटा मनोहर हसला नाही. चड्डी त्यालाही आठवत होती. कीर्तनात ती कुठे बसत नव्हती, म्हणून त्यानं ती बाहेर ठेवली होती.

"शर्ट बी तसाच," द्वारकाबाई आत येऊन बसल्या. त्यांना आता राहवत नव्हतं. "कॉलर सरपंचाची, खिसा मास्तरचा, न् पाठ कोनाची थे देव जाने. याले घालून पाराजवळून घेऊन जात न् माह्या कानात म्हनत, पाह्य, कोनालेच आपलं कापड ओळखू नाई येत!"

"न् तुमचं?" बुवांनी विचारलं. "तुमचं तं येळेवर शिवून देत असन."

"माहं!" द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. "साऱ्या गावाचं शिवून व्हये, मंग माहं पोलकं. दिवाळीच्या दिवशी, पाहाटे. कच्चे टाके तसेच. म्या भांडली का मलेच शिव्या देत. मंग सारं आवरलं का जवळ बसवत, न् आंगावरच एक एक टाका काढत. तोंड चालूच. पन हात… हात असा हलका, महाराज, का टाका कवा निंघाला थेबी समजे ना…"



त्या रडायला लागल्या. वर्षभर त्या मुलाच्या शब्दांवर रडल्या होत्या. आज त्या हलक्या हाताच्या, तोंडाळ, लबाड माणसासाठी रडल्या. जीव जडला होता तो त्याच्यावर. मध्येच त्यांना कोट आठवायचा आणि रडता रडता हसू फुटायचं.

बुवांनी त्यांना पोटभर रडू दिलं.

मग मनोहरला म्हणाले,

"बाईले तिचा मानूस सापडला. तुहा बाप कुठी हाय?"

मनोहर खाली वाकून दाणे वेचायला लागला. तोंड वर करायला नको, म्हणून.

"माझ्या मनात जे आहे, ते मी सांगितलंच की मघाशी."

"थे सुईचं झालं. बापाचं सांग."

…

मनोहरनं ओंजळभर दाणे सुपात टाकले. निम्मे पुन्हा बाहेर पडले. तो उठला, दाराशी गेला. तिथून पार दिसत होता, त्यावरचा नवा मांडव दिसत होता आणि रस्त्यापलीकडे फळ्या लावलेलं टेलरचं दुकान. तो परत आला. पुन्हा गेला. चौकटीला धरून उभा राहिला.

"एकदाबी नाई आले," तो म्हणाला.

"काय?"

"एकदाबी नाई आले, महाराज!" तो गर्रकन वळला. त्याची ती सगळी पुस्तकी भाषा कुठल्या कुठे गेली होती. "साऱ्या जिल्ह्यानं आयकलं मले. न् हे? दुकान पाराच्या समोर. रस्ता तेवढा वलांडाचा व्हता. म्या अभंग धरला का तिकून मशीनची खडखड. लोकं म्हनत, तुळशीराम, पोराचं कीर्तन हाय, आजच्या दिवस बंद ठेव. तं म्हने, थो काय सांगनार हाय, मले सारं मालूम हाय!"

द्वारकाबाई डोळे पुसून मुलाकडे बघायला लागल्या.

"मी मुद्दाम मोठ्यानं गाये. थे मुद्दाम जोरात मशीन चालवत. मी आजून आवाज चढवो, थे आजून पाय मारत. लोकं हासत, महाराज. भर कीर्तनात हासत!"

"मंग?"

"मंग काय! राग हाय मले. मेले तरी राग हाय. आज बी हाय!"

"बरं."

"बरं काय, महाराज? आता मशीन बंद हाय न् मले कीर्तनात पुढचं आठवत नाई. मधातच थांबतो. कान तिकडेच. लोकाइले वाटते, बापाच्या आठवनीनं गहिवरला… मी खडखड आयकाले थांबतो, महाराज. येतच नाई न थे. कितीबी थांबलं तरी येत नाई."

तो मटकन खाली बसला. मठीत आल्यापासून आता कुठे बसला. आणि जिल्ह्यातला एवढा नावाजलेला कीर्तनकार तोंडावर उपरणं दाबून भोकाड पसरून रडला. आवाज कुठे भरायचा आणि कुठे सोडायचा, याचं त्याला भान राहिलं नव्हतं.

द्वारकाबाई उठायला लागल्या. बुवांनी त्यांना हातानं थांबवलं.

…

उन्हं ओट्यावरून खाली उतरली, तेव्हा मनोहरनं तोंड पुसलं.

"उद्या मांडवात काय करू मी?" त्यानं विचारलं. "असा बाप, असा पोरगा. याचं काय कीर्तन व्हते, महाराज?"



बुवा आपल्या सतरंजीवर एका अंगाला सरकले. शेजारी माणूस बसेल एवढी जागा झाली. तिथे पडलेले दाणे त्यांनी हातानं झाडून काढले. मग उघड्या, रिकाम्या दाराकडे बघून मान हलवली, ओळखीचं कोणी आत आल्यावर हलवतात तशी.

"आला तुहा बाप आयकाले," ते मनोहरला म्हणाले. "कर सुरू."