रंगाऱ्याच्या रांजणातला कोळसा

फार फार पूर्वी, तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाच्या लक्षात नाही इतक्या पूर्वी, एका ओढ्याच्या काठी एक म्हातारा रंगारी राहायचा. मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, तुम्हीसुद्धा ऐका; हा म्हातारा तुमच्याआमच्यासारखाच थकलेला होता.

पूर्वी तो फुलापानांचे रंग करायचा. ते ओढ्यात सांडले तरी पुढे विरून जायचे. मग दूरदेशीच्या व्यापाऱ्याने रंगाची पूड आणली. कापडावर ती अशी बसे की उतरायचं नाव नाही. आणि पाण्यात गेली की पाण्यातूनही जायचं नाव नाही!

ओढ्याच्या खालच्या अंगाला त्याच्या लेकीचं सासर होतं. एक दिवस ती आली आणि उंबऱ्यातच बसली.

"आबा, आमच्याकडं म्हशीसुद्धा पाण्याला तोंड लावेनात. सगळं गाव उठून डोंगरापलीकडं जायचं म्हणतंय. मग कसलं माहेर आणि कसलं काय?"

म्हाताऱ्याला ही एकच लेक होती. पुन्हा फुलंपानं आणावीत, तर रानात हिंडायला पाय राहिले नव्हते.

त्याने उरलेलं रंगपाणी धोतरातून गाळलं. धोतर सुरेख लाल झालं आणि पाणी होतं तसंच राहिलं. अहो, रंगारीच तो, त्याला कापडाशिवाय काय सुचणार! वाळूतून गाळलं, तरी तेच. शेवटी त्याने हात टेकले.

शेजारच्या सुतारीणबाई लाकडाच्या ढलप्या आणि भुसा मडक्यात कोंबायच्या, तोंड लिंपून भाजायच्या आणि त्या कोळशाचं दात घासायचं मंजन करायच्या. कोळशाचा कण उडाला तर कापड वाया जाईल, म्हणून रंगारी त्यांना अंगणात पाऊल टाकू देत नसे. एका संध्याकाळी कुंपणावर ठेवलेली त्यांची कुटलेल्या कोळशाची टोपली कलंडली, ती नेमकी याच्या रंगपाण्याच्या रांजणात!

"बाई, डोळे फुटले का तुमचे?"

"ओरडता काय, दादा? काढून टाका की."

"आता कोण उपसत बसतंय!" म्हाताऱ्याचं अंग मोडून आलं होतं. रांजण तसाच ठेवून तो आडवा झाला.

सकाळी बघतो तर तळाशी काळा गाळ आणि वर नितळ पाणी. ओंजळीत घेतलं, तर तळहाताच्या रेघा दिसल्या. म्हातारा हसला, किती दिवसांनी हसला.

मग तो रंगपाणी कोळशातून गाळूनच ओढ्यात सोडू लागला. गाव जागचं हललं नाही आणि लेक सणासुदीला येऊ लागली.

पण रंग पिऊन पिऊन कोळशाचंही पोट भरतं. तो बदलावा लागतो. पुन्हा ढलप्या गोळा करा, पुन्हा मडकं लिंपा, पुन्हा भाजा, पुन्हा कुटा. म्हाताऱ्याच्या नाकी नऊ आले. 'आज राहू दे, उद्या बघू,' म्हणत त्याने जुनाच कोळसा ठेवला. दुसऱ्या दिवशीही राहू दिला.

मग एका सकाळी लेक धापा टाकत अंगणात आली. तिने बापाला आधी डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"आबा, बरे आहात ना तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय?"

"ओढ्याला लाल पाणी आलं. म्हटलं, आबा असताना असं पाणी यायचं नाही. म्हटलं, आबा गेलेच!" आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली.

म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण नुसता कंटाळा केला आणि लेकीने आपल्याला मेलेलंच धरलं! तो कंबर धरून उठला, रांजणातला जुना कोळसा उपसला आणि टोपली घेऊन सुतारीणबाईंच्या अंगणात ढलप्या गोळा करायला गेला. त्याची कंबर पुढेही दुखतच राहिली, पण ओढ्याला लाल पाणी पुन्हा आलं नाही.

म्हणून सांगतो, आपण केलेली घाण एकदा निस्तरून भागत नाही. कंटाळा आला तरी ती रोज निस्तरावी लागते.