वासावरून मेलेली मुंगी

मुलांनो, मुंगी, मधमाशी आणि गांधीलमाशी या तिघी एकाच घराण्यातल्या, हे त्यांच्या बारीक कमरेवरूनच ओळखावे. त्या घराण्यातली एक थोरली मुंगी आंब्याखालच्या वारुळात राहत असे. मेलेल्या मुंग्या उचलून लांबच्या ढिगावर टाकायचे काम तिच्याकडे होते. कोण मेले हे ती नुसत्या वासावरून ठरवी, आणि आपल्या नाकाचा तिला भारी तोरा. एकदा उचललेली एक मुंगी पाय झाडत म्हणाली, "आजी, मी जिवंत आहे. नुसती मेलेल्यांत पडले होते." थोरली म्हणाली, "मेलेल्यांनी बोलू नये," आणि तिला ढिगावर टाकून आली.

पुढे एके सकाळी ओझे टाकताना थोरलीचाच पाय घसरला आणि ती ढिगात गडप झाली. कशीबशी वर आली, अंग झटकले आणि घरी निघाली. दारातच दोन धाकट्या मुंग्यांनी तिला हुंगले. एकीने मान धरली, दुसरीने पाय. थोरलीला आधी ही थट्टाच वाटली.

"अगं, मी आहे. तुम्हाला हे काम मीच शिकवलं ना?"

"हो आजी, तुम्हीच शिकवलंत. मेलेल्यांचं ऐकायचं नाही."

त्यांनी तिला ढिगावर नेऊन टाकले. ती परत गेली, त्यांनी पुन्हा आणून टाकले. पोटात कण नाही, डोक्यावर ऊन. असेच चालले तर ती खरोखरच मरणार होती.

आंब्याच्या मोहोरावरून एक मधमाशी हे बघत होती. ती खाली येऊन म्हणाली, "ताई, तुमचे पाय हलताना मला तिथून दिसतात, घरच्यांना कसे दिसत नाहीत? बसा, अंग चाटून स्वच्छ करा. वास गेला की घेतील आत." थोरली अंग चाटू लागली. चाटता चाटता तिची नजर वाटेच्या कडेला गेली. गवताच्या पात्याआड तिने जिवंतपणीच ढिगावर टाकलेली ती मुंगी मरून पडली होती. तोंड वारुळाकडे होते, पाय चालता चालताच आखडले होते. बिचारी घरी यायला निघाली होती.

संध्याकाळी तिला घरात घेतले. दुसऱ्याच दिवशी वास येणारी एक मुंगी तिच्यापुढे आणून ठेवली. थोरलीने तिला हुंगलेच नाही. आधी वाकून तिचे पाय पाहिले. ते हलत होते.

तात्पर्य : कुणाच्या जिवाचा निवाडा करण्याआधी त्याचे म्हणणे ऐकावे; ऐकायचे नाही असे आपण शिकवले, तर उद्या आपलेही कुणी ऐकत नाही.